नागपूरचा नळ, नाग नदी आणि आपली वैनगंगा

आज मी तुम्हाला एका पाण्याचा प्रवास सांगणार आहे. हे पाणी वापरतं नागपूर, पण त्याची किंमत मोजतो आपण, म्हणजे कोंढा-कोसरा, पवनी या पट्ट्यातले लोक.

ऐकता ऐकता मोबाईलवर नकाशा उघडा. नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंचचं, काही कन्हानचं. आणि पेंच ही कन्हानचीच उपनदी. घराघरांत वापरून झालं की हे पाणी गटारांतून नाग आणि पिवळी नदीत उतरतं. या दोघी शहराच्या पूर्वेला एक होतात आणि पुढे कन्हानला मिळतात. म्हणजे बघा, कन्हानच्या खोऱ्यातून नेलेलं पाणी कन्हानलाच परत, फक्त घाण होऊन! मग आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत येते, आणि त्याच्या खाली आपल्या पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं धरण.

आता थोडं मागे जाऊ. शहर लहान असतं तेव्हा नदी घाण पचवते. पाण्यातले जिवाणू ती खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. घाण जास्त झाली की ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. ही ऑक्सिजनची भूक म्हणजेच बीओडी. आंघोळीच्या पाण्यात ती लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर जायला नको, असा आपल्याकडचा निकष आहे.

यावर उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. 1914 मध्ये मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली. तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यांनी तोच पुढच्या पाण्यात पुन्हा वापरला. त्या गाळात भुकेले जिवाणू होते! आठवड्यांचं काम तासांवर आलं. जगभरातली कितीतरी सांडपाणी केंद्रं आजही याच तत्त्वावर चालतात.

आपल्याकडे कायदाही लवकर आला. जलप्रदूषणाचा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1969 चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 चं, आणि देशाचा कायदा 1974 चा. मग 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचं भूमिपूजन झालं. म्हणजे धरणाचा पहिला दगड बसला तेव्हा तंत्र माहीत होतं, कायदाही होता.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. वाहती नदी घाण पुढे नेते, वाटेत थोडी पचवतेही. धरणाचं पाणी थांबतं. जे येतं ते साचतं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन जलपर्णी माजते. म्हणून धरण आणि वरच्या शहराचं सांडपाणी ही एकच गोष्ट आहे. आपण मात्र त्यांच्या दोन वेगळ्या फायली केल्या.

काहीच झालं नाही असंही नाही हं. नागपूरच्या भांडेवाडीत मोठी केंद्रं उभी राहिली. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं नदीचं ताजं पाणी वाचतं. ही कल्पना मला खरंच आवडते. नाग नदीसाठी सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्पही मंजूर झालाय.

पण नुसती केंद्राची क्षमता ऐकून खूश होऊ नका. दोन प्रश्न विचारा. शहराच्या सांडपाण्यातलं किती पाणी गटारवाहिनीतून केंद्रापर्यंत खरंच पोचतं? आणि बाहेर पडताना त्याचा बीओडी किती असतो? हे प्रश्न नागपूरकरांनी विचारायला हवेतच, पण आपल्या ग्रामसभेतही ते यायला हवेत. कारण नदीच्या खालच्या बाजूला राहणाऱ्याला वरच्या गावाचा नळ बंद करता येत नाही. त्याला फक्त हिशेब मागता येतो. तो मागूया.

भाग आवडला तर गावच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!