कोसा, कात्री आणि घसारा

मध्यमवर्गीयांच्या घरात भारी कापड दुकानातून येत नाही. ते वारशाने येते आणि हप्त्याहप्त्याने खाली उतरते. आजीचा शालू, त्याचे आईने शिवलेले परकर-पोलके, त्यातून उरलेली उशीला झालर आणि शेवटी गोधडीचे अस्तर. आम्ही वाणिज्यवाले याला घसारा म्हणतो. फरक एवढाच, की आमच्या खातेवहीत घसाऱ्याने वस्तू संपते, बायकांच्या हिशेबात ती नुसतीच खोली बदलते.

बँकेने माझी बदली धानोऱ्याला केली, तेव्हा आपण रेशमाच्या परसात राहायला चाललो आहोत याची मला कल्पना नव्हती. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इकडच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसले जातात. इकडे या रेशमाला कोसा म्हणतात. तुतीचा किडा जावयासारखा घरात बसून खातो. हा मात्र उघड्या झाडावर वाढतो. म्हणून आरमोरीकडचे ढिवर लोक पाखरे आणि मुंग्या हाकलत त्याची दिवसभर राखण करतात. या कोशाच्या धाग्याची नागपूर-भंडाऱ्याकडचे कोष्टी करवतकाठी साडी विणतात. काठाला करवतीसारखे दाते असतात आणि त्यासाठी तीन धोटे चालवावे लागतात.

साहेब मात्र बरीच वर्षे या कापडाला नाक मुरडत होता. कोशाचा मूळचा मातकट सोनेरी रंग जाता जात नाही आणि दुसरा सहजी चढत नाही. इंग्लंडात लीक गावी टॉमस वॉर्डल नावाचा चिकट रंगारी होता. त्याने खटपट करकरून कोशाला रंग चढवला आणि १८७८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात छापील हिंदुस्थानी टसर मांडले. पुढे लंडनच्या लिबर्टीच्या दुकानात असली कापडे झळकली. हिंदुस्थानच्या झाडावरचा किडा असा थेट साहेबाच्या दिवाणखान्यात गेला!

त्यातली गंमत आणखी पुढे आहे. पतंग कोश फोडून बाहेर पडला, की त्या कोशाचा अखंड धागा निघत नाही. अशा फुटक्या कोशांतून जाडेभरडे, गाठाळ सूत काढतात, त्याला घिचा म्हणतात. मोठ्या शहरांत घिच्याचे पडदे आणि अभ्रे लोक कौतुकाने मिरवतात. हिशेबात ज्याला आम्ही भंगारमूल्य लिहितो, तीच तिथली शोभा!

हे सगळे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "अहो, इतिहास राहू द्या, खिडकीचं माप घ्या." मग तिने ट्रंकेतून तिच्या आईची करवतकाठी काढली. घड्यांवर विरलेली, पण निम्मी शाबूत. कात्री हातात घेऊन ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मीही गप्प बसलो. या घसाऱ्याचा दर कुठल्याच पुस्तकात नव्हता. शेवटी तिने साडी कापली. शाबूत भागाचा पडदा झाला, विरलेल्याचे अस्तर लावून दोन अभ्रे. खर्च : दोऱ्याचे एक रीळ.

पडदा पाहायला पुष्कळ मंडळी आली. कुणी काठ वाखाणला, कुणी किंमत विचारली. शेजारणीकडे आरमोरीहून एक म्हातारी पाहुणी आली होती. तिने काठाकडे पाहिलेसुद्धा नाही. कापड दोन बोटांत चोळले आणि म्हणाली, "कोसा हाय. किती झाडं राखली असतीन वो बाई!"

तिच्या घरी कोशाचे कापड आहे का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.