पुण्याचा आर्य महिला समाज

केडगावच्या मुक्ती मिशनमुळे आपण पंडिता रमाबाईंना ओळखतो. त्यापूर्वी, १८८२ साली, त्यांनी विद्येचे माहेरघर असलेल्या पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रियांनी एकत्र यावे, शिकावे व बालविवाहासारख्या रूढींविरुद्ध स्वतः बोलावे, हा त्याचा उद्देश होता. रमाबाई रानडे त्याच्या सभांना जात. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष देताना पंडिताबाईंनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची आवश्यकता मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. पुण्यातील कार्य मात्र खुंटले नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन उभे राहिले. तेथे शिक्षिका व परिचारिका घडू लागल्या. धर्माच्या वाटा वेगळ्या झाल्या तरी सेवेचा धागा अखंड राहिला, असे आम्हांस वाटते.