कडधान्य भुंगेरे

कडधान्यांच्या बियांमध्ये वाढणाऱ्या भुंगेऱ्यांचा एक वंश. याचे शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस असून त्याचा समावेश कोलिऑप्टेरा गणाच्या क्रिसोमेलिडी कुलातील ब्रुकिनी उपकुलात होतो. वंशात सुमारे २० जाती असून त्यांतील कॅ. कायनेन्सिस, कॅ. मॅक्युलेटस व कॅ. ॲनॅलिस या भारतात विशेष उपद्रवी आहेत. कोल्हापूरच्या कसबा बावड्यासारख्या पंचगंगेकाठच्या भागात ऊस हे मुख्य पीक असले, तरी मटकी, मूग, चवळी व हुलगा यांची साठवण घरोघरी होते. राज्यात इतरत्र असते तशीच तेथेही ‘भुंगा लागण्याची’ भीती असते.

प्रौढ भुंगेरा सु. ३ मिमी. लांब, तपकिरी व ठिपकेदार असतो. मादी शेंगेवर किंवा बीवर अंडी चिकटविते. अळी अंड्याच्या तळातून थेट बीमध्ये शिरते, आतील गर खाते आणि तेथेच कोशावस्थेत जाते. प्रौढ कीटक बीच्या सालीला वाटोळे भोक पाडून बाहेर पडतो. उबदार हवेत हे जीवनचक्र तीन ते पाच आठवड्यांत पुरे होते. साठवणीतील प्रौढाला अन्नाची गरज नसते. सर्व नासाडी अळीच करते.

वर्गीकरणाचा इतिहास : स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये कॅ. कायनेन्सिस या जातीचे वर्णन केले व तिला सोंडकिड्यांच्या कुर्क्युलिओ वंशात घातले. वास्तविक या भुंगेऱ्याला सोंडकिड्यासारखी लांब सोंड नसते. वाटाण्यावरील भुंगेरा त्यांनी त्याच वेळी डर्मेस्टिस या वेगळ्याच वंशात ठेवला होता. १७६७ मध्ये त्यांनी ब्रुकस हा वंश स्थापिला. फाब्रिसिअस यांनी १७७५ मध्ये मॅक्युलेटस व १७८१ मध्ये ॲनॅलिस या जातींची वर्णने केली. १७९२ मध्ये त्यांनीच मॅक्युलेटस जातीला क्वाड्रिमॅक्युलेटस हे आणखी एक नाव दिले. कॅलोसोब्रुकस हे वंशनाम फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ मॉरिस पीक यांनी १९०२ मध्ये दिले. तथापि शेतीविषयक लेखनात ब्रुकस हे जुने नाव पुढेही बराच काळ वापरात राहिले.

या नावांच्या गोंधळाचा परिणाम व्यवहारावरही झाला. मॅक्युलेटस व ॲनॅलिस या जाती दिसण्यात इतक्या सारख्या आहेत की, एकीवरील प्रयोग दुसरीच्या नावावर नोंदले गेले. प्रत्यक्षात त्यांच्या सवयी भिन्न आहेत. ॲनॅलिसच्या अनेक अळ्या एका बीमध्ये शिरल्या, तरी बहुधा एकच प्रौढ बाहेर पडतो. मॅक्युलेटसच्या बाबतीत एकाच बीमधून अनेक प्रौढ निघू शकतात. त्यामुळे जात चुकली, तर नुकसानीचा अंदाजही चुकतो. साउथगेट, हाउ व ब्रेट यांनी १९५७ मध्ये या दोन्ही स्वतंत्र जाती असल्याचे दाखवून दिले. मागच्या पायाच्या मांडीवरील आतल्या बाजूचा दात मॅक्युलेटसमध्ये स्पष्ट, तर ॲनॅलिसमध्ये अतिशय लहान असतो किंवा नसतोच. कायनेन्सिस जातीचा नर त्याच्या कंगव्यासारख्या शृंगिकांवरून ओळखता येतो.

याच्या उलट प्रकारची अडचणही आढळली. मॅक्युलेटस जातीत साठवणीत राहणारे व उडून जाणारे असे दोन प्रकारचे प्रौढ असतात. ते भिन्न जातींचे नसून दाटी व उष्णता वाढल्यावर उडणारे प्रौढ अधिक निपजतात, हे जपानी शास्त्रज्ञ उटिडा यांच्या १९५४ मधील व त्यानंतरच्या अभ्यासांवरून स्पष्ट झाले. भारतात जी. एल. अरोरा यांनी १९७७ मध्ये वायव्य भारतातील बीजभक्षक भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वी ब्रुकिडी हे स्वतंत्र कुल मानीत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याला पानभुंगेऱ्यांच्या क्रिसोमेलिडी कुलातील उपकुल मानण्यात येऊ लागले.

नियंत्रण : प्रादुर्भाव पुष्कळदा शेतात वाळत्या शेंगांवरच सुरू होतो व धान्याबरोबर घरात येतो; म्हणून केवळ कोठार स्वच्छ करणे पुरेसे होत नाही. कडधान्य उन्हात चांगले वाळवून हवाबंद डब्यात ठेवतात. तेल चोळल्याने अंडी मरतात, तर राखेत घोळल्याने दाण्यांमधील फटी बुजून भुंगेऱ्यांच्या हालचालीस अडथळा येतो. पोखरलेल्या बियांची उगवण घटते. त्यामुळे बियाण्यासाठी राखलेल्या कडधान्याची काळजी अधिक घ्यावी लागते.