दुखणं अंगावर काढणं

गेल्या दिवाळीत वसमतला गेले होते. फराळाची ताटं उचलून झाली, पुरुषमंडळी ओसरीवर सुपारी कातरत बसली आणि आत स्वयंपाकघरात नेहमीचा विषय निघाला. आमच्या एका वहिनीचं ओटीपोट सात-आठ महिन्यांपासून दुखत होतं. पाळीच्या आधी जास्त, पण एरवीही कंबरेपासून मांड्यांपर्यंत ओढ लागायची. "दाखवलंस का कुणाला?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "कशाला? काढतेय अंगावर."

त्यावर आत्या चुलीपुढूनच म्हणाली, "बाईच्या जातीला हे असायचंच गं. लईच झालं तर पिशवी काढून टाक अन् मोकळी हो. मी नाही का काढली?"

परतीच्या प्रवासात ही दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. दोन्हीत क्रियापद एकच आहे, काढणं. आधी दुखणं अंगावर काढायचं आणि ते अगदीच सहन होईना झालं की पिशवी काढायची. या दोहोंच्या मध्ये एक पायरी असते, ती म्हणजे कुणीतरी नीट तपासून 'का दुखतंय' हे शोधणं. आमच्या घरात तीन पिढ्यांनी ती पायरी गाळलीच आहे. आत्याची पिशवी निघाली तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. कशासाठी काढली हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आजही ते तिला माहीत नाही.

असं का झालं असावं, याचा विचार करताना मागे मागे जात राहिले.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. आपल्या बायका पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं सांगत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांचं म्हणणं होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही झाली, पण फेब्रुवारी 1887 मध्ये, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत त्या गेल्या. त्यांच्यानंतर रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरतेत बायकांच्या दवाखान्यात काम करू लागल्या. म्हणजे सुरुवात सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली होती. पण ती मुंबई, कोल्हापूर, सुरत अशा शहरांपुरती. आमचं वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, ते 1948 च्या सप्टेंबरपर्यंत. माझ्या पणजीसाठी 'बाईडॉक्टर' हा शब्दच नव्हता. तिच्यासाठी होती ती सुईण, आणि सुईण बाळंतपणापुरती. मधल्या दुखण्याला ओवा, शेक आणि गप्प बसणं.

स्वातंत्र्यानंतर दवाखाने आले. पण सरकारी दवाखान्याला बाईचं पोट दिसायचं ते दोनच कारणांनी, बाळंतपण नाहीतर कुटुंबनियोजन. गरोदर नसलेली, ऑपरेशन झालेली, पण दुखणं असलेली बाई कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

हे पहिल्यांदा आकड्यांत मांडलं ते गडचिरोलीत, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी. त्यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. दोन गावांतल्या 650 बायकांची त्यांनी तपासणी केली. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की दवाखान्यात आलेल्याच नव्हे, तर तक्रार नसलेल्या बायकाही तपासल्या. जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. सरासरी एकेकीला तीनपेक्षा जास्त आजार. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी व उपचार झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के.

मला या 8 टक्क्यांचं 92 पेक्षाही जास्त वाटतं. आजार असणं एक वेळ समजू शकतं. पण शंभरातल्या ब्याण्णव जणींना आजवर कुणी तपासलेलंच नाही?

या अभ्यासाची दखल जगभर घेतली गेली. बायकांचं आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि नसबंदी नव्हे, हा विचार 1994 च्या कैरो परिषदेत मान्य झाला. आपल्याकडे 1997 मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. वाटलं असेल, की आता मधली पायरी बांधली जाणार.

पण 2019 मध्ये बीडच्या बातम्या आल्या. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झालं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींत एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

वसमतकरांना ऊसतोड काही नवीन नाही. पूर्णा कारखान्याचा हंगाम लागला की गावाबाहेर पालं पडतात. नवराबायको मिळून एक 'कोयता', आधी घेतलेली उचल, आणि खाडा पडला तर दंड. पाळीत पोट दुखतं म्हणून कोयता बसून राहू शकत नाही. पाण्याची, आडोशाची सोय नसल्याने जंतुसंसर्ग होतो, तो अंगावर काढला जातो, आणि मग कुणीतरी सांगतं की कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. गडचिरोलीत बाईला कुणी तपासलं नव्हतं. बीडमध्ये तर कित्येक जणींना न तपासताच कापलं. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. पुढे एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं सर्व राज्यांना बजावलं.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या मंडळींसाठी थोडं. मी डॉक्टर नाही, पण एवढं वाचून समजलं, की ओटीपोटात पिशवी एकटी राहत नाही. दुखणं गर्भाशयातल्या गाठींचं असू शकतं, बीजकोशातल्या गाठीचं असू शकतं, नळ्यांना झालेल्या जंतुसंसर्गाचं किंवा क्षयाचंही असू शकतं. एन्डोमेट्रिऑसिस नावाच्या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर भलतीकडे वाढतं. जगात साधारण दहांत एका तरुण बाईला तो असतो आणि साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही. आणि पिशवीशी काहीच संबंध नसलेली कारणंही आहेत. लघवीचा संसर्ग, मुतखडा, आतड्याचा त्रास, अपेंडिक्स, कंबरेचे स्नायू. मुतखड्याला पिशवी काढून कसा उतार पडणार? शिवाय पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जायची ती एका दिवसात जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. पिशवी काढावीच लागते अशी दुखणी असतात, नाही असं नाही. पण ते शेवटचं उत्तर आहे.

काही वेळा मात्र एक दिवसही थांबू नये. पाळी चुकलेली आहे आणि एका बाजूला एकदम जोरात दुखून चक्कर येतेय, तर ती नळीतली गर्भधारणा असू शकते आणि ती जिवावर बेतते. दुखण्याबरोबर ताप, घाण वासाचा स्राव किंवा थांबत नसलेली उलटी असेल तर लगेच जावं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं तर दुखत नसलं तरी दाखवावं.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर पाळीच्या तारखा, कधी आणि कुठे दुखतं, लघवी-शौचाला त्रास होतो का, एवढं लिहून न्यावं. आणि एक प्रश्न विचारावा, "कशामुळे दुखतंय?" उत्तर मिळालं नाही आणि कापायचंच म्हणत असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावं. यात कुणाचा अपमान नाही.

वहिनी शेवटी नांदेडला गेली. एकटी नाही. आत्या सोबत होती! तपासण्या झाल्या, कारण सापडलं, गोळ्या चालू आहेत. काय निघालं ते तिचं खाजगी, इथे लिहीत नाही. पिशवी जागेवर आहे.

येताना बसमध्ये आत्या तिला म्हणाली म्हणे, "मलाही कुणी असं विचारलं असतं तर..." वाक्य तिने पुरं केलं नाही.

असो. आता तुमच्या घरात कुणी 'काढतेय अंगावर' म्हणाली, तर तिला 'चल, मी येते सोबत' एवढं म्हणा.