वाटीवरचा आळ

धावणाऱ्या माणसाचा गुडघा दुखू लागला म्हणजे त्या दुखण्याची एक ठरावीक तऱ्हा असते. सपाट रस्त्यावर ते पुष्कळदा निमूट राहते. पण जिना उतरताना, किंवा नाटकाचा एक लांबलचक अंक पाय दुमडून पाहिल्यावर उठताना, वाटीच्या मागून कोणी बोट दाबावे तसे ते बोलू लागते. क्ष-किरणांचे चित्र मात्र बहुधा स्वच्छ निघते. मग डॉक्टर विश्रांती सांगतात, आणि धावपटूला तर धाव सोडवत नाही.

श्रोतेहो, या दुखण्याचे मूळ शोधण्याचा इतिहास हा बराचसा एका चुकीच्या आरोपाचा इतिहास आहे. १९०६ साली ब्यूडिंगर या शल्यविशारदाने वाटीच्या आतल्या अंगाच्या कूर्चेला गेलेल्या भेगांचे वर्णन केले. पुढे त्या अवस्थेला 'काँड्रोमलेशिया', म्हणजे कूर्चा मऊ पडणे, असे भारदस्त ग्रीक नाव मिळाले. नाव मिळाले की रोग सापडल्यासारखे वाटते! गुडघा उघडावा, मऊ कूर्चा दिसावी, आणि दिसली म्हणून ती खरवडावी, असा प्रघात पडला. कूर्चेत मज्जातंतूच नसतात, मग ती दुखेल कशी, हा साधा प्रश्न मागे पडला.

दुसऱ्या दिशेने पाहणारेही होते. अमेरिकेतले जॉर्ज शीहन हे हृदयरोगाचे डॉक्टर आणि स्वतः धावणारे. गुडघ्याचे मूळ पावलात शोधा, असे ते आपल्या लेखांतून आग्रहाने सांगत. ऑरेगन प्रांतातील यूजीन गावी स्टॅन्ले जेम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० धावपटूंची तपासणी करून १९७८ साली निष्कर्ष मांडले. तक्रारींत गुडघा आघाडीवर होता. पण निम्म्याहून अधिक दुखापतींच्या मागे सरावातील चुका होत्या: एकाएकी वाढवलेले अंतर, वाढवलेला वेग, चढउताराचे रस्ते. म्हणजे डॉक्टरने गुडघ्याइतकीच रोग्याची दैनंदिनीही तपासावयास हवी होती.

वाटीवरचा आळ मात्र १९९८ साली फार विलक्षण रीतीने दूर झाला. सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी स्वतःचेच गुडघे सहकाऱ्याच्या हवाली केले. सांध्याच्या आत बधिर करणारे औषध घातले नव्हते. जागेपणी, आतील एकेका भागाला सळईने स्पर्श होत असता, कोठे किती दुखते ते डाय सांगत गेले. सांध्याचे पुढचे अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी यांना स्पर्श होताच तीव्र वेदना उसळली. वाटीची कूर्चा? काहीच नाही, आणि गंमत अशी, की ती मऊ पडलेलीच होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. प्रत्येक सांध्याला भार पेलण्याची एक कक्षा असते, ती वारंवार ओलांडली की आतील पेशीजाल चिडते, असे डाय यांचे प्रतिपादन होते. मला ते जेम्स यांच्या आकड्यांशी चांगले जुळणारे वाटते.

२००३ साली लॉस एंजेलिसच्या क्रिस्टोफर पॉवर्स यांच्या चमूने, वाटी बाहेर सरकणाऱ्या रुग्णांची चुंबकीय चित्रे, पायावर भार असताना, घेतली. वाटी जागच्या जागी होती. तिच्याखालचे मांडीचे हाडच आत वळत होते. ते हाड आवरणारे स्नायू कमरेशी असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली ही गत! तेव्हापासून अनेक ठिकाणी गुडघ्याच्या रुग्णाला खुब्याचे व्यायाम देऊ लागले.

आणि ती खरवड? हेलसिंकीत असे जुने दुखणे असलेल्या ५६ रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटावर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून व्यायाम दिला, दुसऱ्याला नुसता व्यायाम. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. नऊ महिन्यांनी पाहिले, तो दोन्ही गट सुधारले होते; ज्यांच्या गुडघ्यात शस्त्र शिरलेच नव्हते, तेही तितकेच.