चुंबकीय उद्दीपन : दीर्घकालीन वेदनेवरील शस्त्रक्रियाविरहित उपचारपद्धती

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना असे म्हणतात. जखम भरून आलेली असते, नागिणीचे फोडही सुकलेले असतात. परंतु इजा झालेले मज्जातंतू मेंदूकडे वेदनेचे संदेश पाठवीतच राहतात. अशा वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे शरीराला छेद न देता बाहेरून चुंबकीय स्पंद देण्याच्या पद्धतीकडे संशोधक वळले.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा या पद्धतीचा पाया आहे. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रबळ विद्युतप्रवाह सोडला असता त्याभोवती एक मिलिसेकंदाहूनही कमी काळ टिकणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्याची तीव्रता १.५ ते २ टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्रातील क्षेत्राइतकी असू शकते. हे क्षेत्र कवटीतून सहज पार होते आणि त्यात वेगाने होणाऱ्या बदलामुळे आतील मज्जापेशींत सूक्ष्म विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. उद्दीपन होते ते या प्रवाहामुळे. बाजारात वेदनानाशक म्हणून विकले जाणारे चुंबकीय पट्टे, कडी व गाद्या यांतील चुंबक स्थिर असल्याने त्यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही. स्थिर चुंबकांवरील चाचण्यांचा आढावा २००७ साली कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेदनाशमनासाठी त्यांच्या वापरास पुराव्यांचा आधार मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली डोक्यावर वेटोळे धरून हाताचे स्नायू हलवून दाखविले. पुढे १९९१ साली जपानमधील त्सुबोकावा यांनी मेंदूतील हालचालींच्या केंद्रावर शस्त्रक्रियेने विद्युतअग्रे बसविली, तेव्हा पक्षाघातानंतरची वेदना कमी होत असल्याचे आढळले. हालचालींचे केंद्र चेतविल्याने वेदना का शमावी, याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही. मात्र तोच परिणाम शस्त्रक्रियेविना साधता येईल का, या प्रश्नातून आजचा उपचार आकारास आला.

या उपचारात रुग्ण खुर्चीत बसून असतो. भूल द्यावी लागत नाही. वेदना ज्या बाजूस असेल त्याच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूवर सेकंदास १० किंवा अधिक स्पंद दिले जातात. मज्जातंतूंच्या इजेमुळे उद्भवणाऱ्या वेदनेसाठी या पद्धतीस युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वोच्च श्रेणीचा पुरावा असल्याचे नमूद आहे. उलट, सर्व प्रकारच्या दीर्घकालीन वेदनांचा एकत्र विचार करणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात वेदनेतील सरासरी घट केवळ सुमारे ७ टक्के आढळली व तीही अल्पकाळच. तेव्हा हा उपचार सर्वांसाठी रामबाण नव्हे. वेदनेचे नेमके निदान झाल्यावरच त्याचा विचार करणे इष्ट.

अर्धशिशीच्या एका प्रकारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली हातात धरण्याजोग्या चुंबकीय उपकरणास परवानगी दिली. मेंदूऐवजी हातापायांतील दुखऱ्या मज्जातंतूवरच वेटोळे धरण्याच्या पद्धतीस शस्त्रक्रियेनंतरच्या व दुखापतीनंतरच्या चिवट वेदनेसाठी २०२१ साली तेथे मंजुरी मिळाली. भारतात नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी फायब्रोमायाल्जिया या सर्वांगदुखीच्या विकारावर चार आठवडे हा उपचार देऊन रुग्णांचा सहा महिने पाठपुरावा केला. त्याचे अनुकूल निष्कर्ष २०२० साली प्रकाशित झाले.

उपचारानंतर डोकेदुखी किंवा वेटोळ्याखालील त्वचेस किंचित त्रास संभवतो. यंत्राचा टकटक आवाज मोठा असल्याने कानांत बोळे घालतात. क्वचित आकडी येण्याचा धोका असतो. म्हणून अपस्माराच्या रुग्णांनी तशी पूर्वकल्पना डॉक्टरांना देणे आवश्यक आहे. डोक्यात धातूची चीप अथवा कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांना मेंदूवरील उद्दीपन सामान्यतः वर्ज्य मानले जाते. पेसमेकर असल्यास तज्ज्ञांच्या स्वतंत्र सल्ल्याविना हा उपचार घेऊ नये.