रात्रीचे ड्रोन आणि आपला जालना

आजची गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली.

2024 चा पावसाळा. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत, मनोज जरांगे पाटलांचा मुक्काम होता तिथं, रात्री ड्रोन घिरट्या घालताना दिसले. विषय थेट विधानसभेत गेला. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या गावांतही लोक आभाळाकडे बघत जागले. चोरांची टेहळणी, पोलिसांची पाळत, की कुणी हौशी पोरगा? खालून लुकलुकणारा दिवा सारखाच दिसतो.

हा गोंधळ जुनाच. मे 2014 मध्ये मुंबईत एका पिझ्झावाल्यानं ड्रोननं पिझ्झा पोचवला आणि पोलिसांनी चौकशी लावली. त्याच ऑक्टोबरात डीजीसीएनं खासगी ड्रोन उडवण्यावर बंदी आणली. पुढं ऑगस्ट 2021 च्या नियमांनी दार उघडलं: ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही.

पण खाटेवर पडलेल्या आजीला ग्रीन झोन काय माहीत? माझ्याकडंही छोटा ड्रोन आहे. त्या पावसाळ्यात तो पेटीतच राहिला. आता उडवतो, पण दिवसाउजेडी, आणि आधी पोलीस पाटलांच्या कानावर घालून. तुम्हीही एवढं कराच.

भेटू पुढच्या भागात!